लाईव्ह तीन ठिकाणी, प्रबंध एकाच ठिकाणी

पीएचडीच्या मुलाखतीला जाण्याआधी बरेच जण आपला आराखडा कुणाला तरी वाचायला देतात. माझ्याकडे येणाऱ्या आराखड्यांत एक शीर्षक सारखं भेटतं : 'ग्रामीण महाराष्ट्रातील फेसबुक लाईव्हचा चिकित्सक अभ्यास : विशेष संदर्भ अमुक तालुका'. तालुका बदलतो, बाकी शीर्षक तेच. विषय चांगला आहे. मराठीत त्यावर फार काम झालेलं नाही आणि सामग्री तर ढिगानं आहे. माझा आक्षेप त्या शीर्षकातल्या एकाच शब्दाला आहे. तो शब्द 'चिकित्सक' नव्हे (त्याच्यावर पुन्हा कधीतरी). तो शब्द म्हणजे 'फेसबुक'.

उदाहरणासाठी भोर आणि वेल्हे हे दोन तालुके घेऊ. पुणे शहरापासून अंतर फार नाही, पण चेलाडी फाट्यावरून नसरापूरमार्गे वेल्ह्याकडे किंवा कापूरहोळवरून भोरकडे वळलं की थोड्याच वेळात शहर संपतं, पुढे धरणं, घाट आणि डोंगरातली गावं. गावचे बरेच लोक नोकरीधंद्यासाठी पुण्या-मुंबईत. सप्त्याला, यात्रेला सगळ्यांना येणं जमतंच असं नाही. म्हणून काल्याचं कीर्तन लाईव्ह होतं. उमेदवाराची सभा लाईव्ह होते, पालखी लाईव्ह होते, क्रिकेटचे सामने होतात, कुठे ग्रामसभाही होते. आणि हे लाईव्ह एका ठिकाणी होत नाही. मंडळाचं फेसबुक पेज, साऊंडवाल्याचं किंवा शूटिंगवाल्याचं यूट्यूब चॅनल, आणि गावातल्या एखाद्या तरुणाचं इन्स्टाग्राम, अशा दोन-तीन जागी एकाच वेळी ते चालू असतं. बुवा एक, पखवाज एक, मंडप एक, पण प्रक्षेपणं तीन.

आता तुम्ही 'फेसबुक लाईव्हचा अभ्यास' असं लिहिता तेव्हा नेमकं काय करता? या तिघांतलं एक उचलता आणि तेच 'लाईव्ह' असं धरून चालता. कारण विचारलं तर उत्तर मिळतं, 'सर, व्याप्ती मर्यादित ठेवली आहे.' व्याप्ती मर्यादित ठेवायला हरकत नाही. पण हे म्हणजे गावच्या जत्रेचा अभ्यास करायचा आणि फक्त पूर्वेच्या वेशीतून आत आलेल्यांची गणती करायची, असं आहे. निदान उरलेल्या वेशी कुठे आहेत ते तरी माहीत हवं की नाही?

थोडं तांत्रिक बोलू. कंटाळू नका, कारण पुढचे सगळे प्रश्न इथूनच निघतात.

एका ठिकाणाहून अनेक प्लॅटफॉर्मवर लाईव्ह करायच्या ढोबळमानानं तीन पद्धती आहेत. पहिली, लॅपटॉपवर ओबीएससारखं फुकट सॉफ्टवेअर चालवायचं आणि त्यातून प्रत्येक प्लॅटफॉर्मला वेगळा प्रवाह पाठवायचा. प्लॅटफॉर्म तुम्हाला एक पत्ता आणि एक गुप्त 'स्ट्रीम की' देतो. प्रवाह जातो तो बहुधा आरटीएमपी या प्रोटोकॉलनं, जो मुळात फ्लॅशच्या जमान्यातला. फ्लॅश २०२० च्या अखेरीस बंद झालं, आरटीएमपी मात्र अजून राबतोय. या पद्धतीत अडचण असते अपलोडची. ७२० पी चित्रासाठी यूट्यूब सुमारे ४ एमबीपीएस सुचवतं. तीन ठिकाणी थेट पाठवायचं तर १२ झाले, तेही तीन तास न तुटता. तोरण्याच्या किंवा रायरेश्वराच्या पायथ्याला मोबाईलच्या रेंजवर हे करून दाखवा. दुसरी पद्धत, रीस्ट्रीम किंवा स्ट्रीमयार्ड यांसारख्या सेवेला एकच प्रवाह द्यायचा आणि तिनं तो पुढे वाटायचा. अपलोड एकाचंच लागतं, पण बरंच काही हवं असेल तर पैसे मोजावे लागतात आणि फुकटात वापरलं तर पडद्यावर त्या कंपनीचा छाप येतो. तिसरी पद्धत कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही : दोन मोबाईल, दोन स्टँड, दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं. एकावर फेसबुक, दुसऱ्यावर यूट्यूब. तिसरा कुणीतरी हातात उभा धरतो, ते इन्स्टाग्राम.

संशोधनाच्या दृष्टीनं ही तिसरी पद्धत सगळ्यांत महत्त्वाची, कारण तिथे 'एकच लाईव्ह' असं काही उरतच नाही. दोन फोनचे कोन वेगळे. एक साऊंडच्या मिक्सरला जोडलेला, त्यात बुवांचा आवाज स्वच्छ. दुसरा नुसता हवेतला आवाज घेतो, त्यात बायकांची कुजबुज, पोरांचं रडणं, मागे चाललेली पंगतीची हाक. एका सिमची रेंज गेली की ते प्रक्षेपण तुटतं आणि पुन्हा नव्या लिंकनं सुरू होतं. म्हणजे एका कीर्तनाचे यूट्यूबवर दोन तुकडे आणि फेसबुकवर एक सलग व्हिडिओ, किंवा उलट. 'नमुना म्हणून २५ लाईव्ह निवडली' असं जेव्हा तुम्ही लिहिता, तेव्हा तुम्ही कीर्तनं मोजलीत, की प्रक्षेपणं, की तुकडे? हा प्रश्न मार्गदर्शकांनी विचारायच्या आधी स्वतःला विचारा. मोजायचं एकक ठरलं नसेल तर पुढची सगळी कोष्टकं हवेत राहतात.

कोण कुठे दिसतं हेही योगायोगानं ठरत नाही. मोबाईलवरून यूट्यूब लाईव्ह करायला किमान ५० सबस्क्रायबर लागतात. फेसबुकनं २०२४ मध्ये नियम केला की खातं किमान ६० दिवस जुनं आणि फॉलोअर किमान १०० हवेत. इन्स्टाग्रामनं ऑगस्ट २०२५ मध्ये १,००० फॉलोअरांची अट घातली. ही अट आली तेव्हा एखाद्या वाडीतलं छोटं भजनी मंडळ इन्स्टाग्राम लाईव्हमधून एका दिवसात गायब झालं असणार. सहा महिन्यांनी तिथला अभ्यास करणारा लिहील, 'इन्स्टाग्राम लाईव्हवर धार्मिक आशय कमी आढळतो.' निष्कर्ष लोकांबद्दलचा वाटतो, प्रत्यक्षात तो कंपनीच्या नियमाबद्दलचा असतो.

मग एकाच प्लॅटफॉर्मचा अभ्यास करायची ही सवय आली कुठून? माझं मत असं की ती बाहेरून, तयार सैद्धांतिक चौकटीसोबत आली. लाईव्हस्ट्रीमिंगवरचं जे इंग्रजी लेखन आपण संदर्भसूचीत टाकतो, त्यातलं बरंचसं ट्विचवरचं आहे. टी. एल. टेलर यांचं 'वॉच मी प्ले' हे २०१८ चं पुस्तक घ्या. ते उत्तम आहे, जरूर वाचा. पण ते ज्या जगाबद्दल आहे तिथे एक स्ट्रीमर म्हणजे एक प्लॅटफॉर्म हे समीकरण बऱ्याच अंशी खरं होतं, आणि ते निसर्गानं नव्हे, करारानं खरं होतं. ट्विचवर पैसे कमावणाऱ्या स्ट्रीमरांना त्याच वेळी फेसबुक किंवा यूट्यूबवर प्रक्षेपण करायला कराराची बंदी होती. ती सरसकट उठली ऑक्टोबर २०२३ मध्ये. तेव्हाही अट राहिलीच की दोन्हीकडच्या गप्पा एकत्र करून ट्विचच्या पडद्यावर दाखवायच्या नाहीत आणि प्रेक्षकांना दुसरीकडे वळवायचं नाही.

याचा अर्थ नीट घ्या. ज्याला आपण सैद्धांतिक गृहीतक म्हणून उचललं, ते एका अमेरिकन कंपनीच्या करारातलं कलम होतं. भोरच्या मंडपातल्या माणसानं असा कुठलाच करार केलेला नाही. फेसबुकनं लाईव्ह सगळ्यांना खुलं केलं एप्रिल २०१६ मध्ये आणि जिओ आलं त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. आपल्याकडे लाईव्ह स्वस्त डेटाबरोबर रुजलं, आणि लाईव्ह करणाऱ्याचा हेतू पहिल्यापासून एकच होता, जिथे जिथे गावची माणसं आहेत तिथे तिथे पोचायचं. त्याला एका प्लॅटफॉर्मशी निष्ठा ठेवायचं काही कारणच नव्हतं. त्याच्यावर एका प्लॅटफॉर्मची चौकट बसवणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालून वर बाही लांब आहे म्हणून कुरकुरणं.

मराठीतलं सगळ्यांना आठवणारं उदाहरण द्यायचं तर कोविडच्या काळातलं. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना त्यांनी राज्याशी साधलेले संवाद 'फेसबुक लाईव्ह' म्हणूनच ओळखले गेले. २९ जून २०२२ च्या रात्री राजीनाम्याची घोषणाही तशीच झाली. विरोधकांनी तर 'फेसबुक लाईव्ह' हा टोमणाच केला. पण ती भाषणं वृत्तवाहिन्यांनी जशीच्या तशी टीव्हीवर दाखवली आणि त्याच वेळी त्यांच्या यूट्यूब चॅनलांवरही ती चालू होती. भोरमधल्या एखाद्या घरात ती टीव्हीवर पाहिली गेली असतील, शेतावर कुणी यूट्यूबवर, आणि फेसबुकवर फारच थोड्यांनी. तरी नाव राहिलं फेसबुकचं. लोकांच्या बोलण्यात 'फेसबुक लाईव्ह' हे सामान्यनाम आहे, जसं 'झेरॉक्स'. बोलताना चालतं. संशोधनाच्या शीर्षकात तेच सामान्यनाम विशेषनाम समजून आलं की गोंधळ होतो. त्या भाषणांना लोकांनी काय प्रतिसाद दिला हे पाहायला कुणी फक्त एका अधिकृत पेजवरच्या प्रतिक्रिया घेईल, तर त्याला त्या पेजला आधीपासून फॉलो करणारी माणसं भेटतील. वाहिनीच्या यूट्यूबखाली वेगळी भेटतील, आणि बहुधा वेगळ्याच सुरात बोलणारी.

सोशल मीडियाच्या अभ्यासात 'कॉन्टेक्स्ट कोलॅप्स' ही संकल्पना तुम्ही वाचली असेलच. ॲलिस मार्विक आणि डॅना बॉइड यांच्या २०११ च्या लेखामुळे ती गाजली. थोडक्यात, आई, साहेब आणि शाळेतले मित्र असे वेगवेगळे श्रोते एकाच जागी गोळा होतात आणि बोलणाऱ्याला कुणाशी कसं बोलावं ते कळेनासं होतं. अनेक ठिकाणच्या लाईव्हमध्ये मला त्याच्या उलटं दिसतं. बोलणाऱ्याला वाटतं श्रोता एकच आहे, 'लाईव्ह बघणारे सगळे'. प्रत्यक्षात ते तीन खोल्यांत बसलेले असतात आणि एका खोलीतला आवाज दुसरीत जात नाही. फेसबुकवर कुणी लिहितं, 'माऊली, आवाज येत नाहीये', यूट्यूबवाल्यांना मात्र स्वच्छ येत असतो. निवेदक माईकवर विचारतो, 'आवाज येतोय का?' आणि दोन्हीकडून दोन उत्तरं येतात. भांडण झालं तर एका खोलीत होतं, दुसऱ्या खोलीला त्याचा पत्ता नसतो. यावर मराठीत कुणी नीट लिहिलं तर ती इंग्रजी संकल्पनेत खरोखर घातलेली भर ठरेल. पण त्यासाठी तिन्ही खोल्यांत जाऊन बसायला हवं.

आता आकडे. आराखड्यांमध्ये 'एकूण दर्शकसंख्या' असा एक रकाना असतो आणि त्यात फेसबुकचे व्ह्यू अधिक यूट्यूबचे व्ह्यू अशी बेरीज असते. ही बेरीज करू नका. यूट्यूबवर लाईव्ह चालू असताना दिसतो तो त्या क्षणी पाहणाऱ्यांचा आकडा. लाईव्ह संपल्यावर त्याच व्हिडिओखाली दिसतात ते एकूण व्ह्यू, ज्यांत नंतर पाहिलेलंही येतं. फेसबुकवर कित्येक वर्षं ३ सेकंद पाहिलं की एक व्ह्यू धरायचे. बोटानं वर सरकवत असताना आपोआप सुरू झालेला व्हिडिओ ३ सेकंद राहिला तरी झाला व्ह्यू. २०१६ मध्ये तर फेसबुकनं स्वतः कबूल केलं की व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला जातो याचा त्यांचा आकडा फुगलेला होता, कारण सरासरी काढताना ३ सेकंदांपेक्षा कमी पाहणारे त्यांनी गणतीतच घेतले नव्हते. शिवाय एकच माणूस यूट्यूबवर अडकलं म्हणून फेसबुकवर जातो, तेव्हा तो दोन्हीकडे मोजला जातो. आणि एका मोबाईलभोवती बसून सहाजण कीर्तन ऐकत असतील तर ते सहा मिळून एक.

एक साधी चाचणी सांगतो. २०११ च्या जनगणनेनुसार वेल्हे तालुक्याची लोकसंख्या सुमारे ५४ हजार. समजा, तिथल्या एका सभेच्या लाईव्हला तीन ठिकाणचे मिळून ७० हजार व्ह्यू आले. सभा घेणारा म्हणणार, 'अख्ख्या तालुक्यानं पाहिली.' तो त्याचं काम करतोय. तुमचं काम आहे विचारणं, की तान्ही पोरं धरूनही जेवढी माणसं तालुक्यात नाहीत, तेवढी पाहायला आली कुठून? पुणे-मुंबईत असलेले गावकरी, दुसऱ्या तालुक्यातले कार्यकर्ते, पुन्हापुन्हा उघडलेले तेच फोन, ३ सेकंदांचे पाहुणे, हे सगळं त्यात आलं. तुमच्या प्रबंधात तो आकडा 'तालुक्यातील जनजागृती' या मथळ्याखाली आला, तर तुम्ही सभा घेणाऱ्याचं पत्रक लिहिलंत, प्रबंध नव्हे.

आता सगळ्यांत गंभीर गोष्ट. १९ फेब्रुवारी २०२५ पासून फेसबुकवरचं लाईव्ह ३० दिवसांनी आपोआप पुसलं जातं. जुनी लाईव्हही यातून सुटली नाहीत. पेजवाल्यांना सूचना देऊन, उतरवून घ्यायला मुदत देऊन ती काढायचं धोरण जाहीर झालं. मालकानं डाऊनलोड करून वेगळं ठेवलं असेल तर ठीक, नाहीतर व्हिडिओ गेला, आणि त्याखालचं बोलणंही गेलं. यूट्यूबवर असं नाही. १२ तासांपेक्षा कमी चाललेलं लाईव्ह तिथे आपोआप साठवलं जातं, आणि मालकानं बंद केलं नसेल तर त्या वेळच्या गप्पाही पुन्हा पाहता येतात. म्हणजे तीन खोल्यांतल्या एका खोलीला महिन्यानं आग लागते. तुम्ही नोंदणी होऊन, कोर्सवर्क आटोपून दीड वर्षानं सामग्री गोळा करायला जाल, तेव्हा तुम्हाला यूट्यूबची खोली तेवढी मिळेल. तिच्यावरून तुम्ही लिहाल, 'प्रेक्षक अमुक बोलतात, तमुक बोलत नाहीत.' जे बोलायचे ते फेसबुकवर असतील तर? सप्त्याच्या लाईव्हखाली कुणी लिहिलेलं असतं, 'मी मुंबईवरून बघतोय, आप्पांना नमस्कार सांगा', खाली पुतण्याचं उत्तर, त्याखाली आणखी कुणाचं. स्थलांतरावर काम करणाऱ्यासाठी हे सोनं आहे. मंडळाची लाईव्ह गेली म्हणजे नुसतं एक कीर्तन गेलं नाही, कोण कुठून पाहत होतं याची यादीच गेली.

बाहेरून आकडे मिळवायचे रस्तेही अरुंद झालेत. फेसबुकच्या सार्वजनिक पोस्टी अभ्यासायचं क्राउडटँगल हे साधन १४ ऑगस्ट २०२४ ला बंद झालं. त्याच्या जागी आलेल्या मेटा कंटेंट लायब्ररीसाठी संस्थेमार्फत अर्ज करावा लागतो. यूट्यूबच्या एपीआयमधून 'आत्ता किती जण पाहतायत' हा आकडा मिळतो, पण फक्त लाईव्ह चालू असेपर्यंत. संपल्यावर बाहेरच्याला तो कधीच मिळत नाही. त्यामुळे या विषयावर काम करायचं असेल तर लाईव्ह चालू असतानाच हजर राहायला हवं, जमल्यास मंडपात आणि दोन्ही पडद्यांवरही. कुठल्या वेळी कुठे किती आकडा होता ते वहीत लिहायला हवं. दोन्ही पडदे शेजारी ठेवलेत तर दिसेल की ते एका तालात नाहीत. यूट्यूबवर मालक विलंबाचे तीन प्रकार निवडू शकतो, फेसबुकचा विलंब वेगळा. बुवांनी केलेल्या विनोदावरचं हसू दोन खोल्यांत दोन वेळेला उमटतं. प्रतिक्रिया कुठल्या वाक्यावर आली हे सांगायचं असेल तर हा फरक आधी काढावा लागतो.

आवाजाचंही तसंच. कीर्तनाआधी मंडपात कॅसेट कंपनीचं एखादं भक्तिगीत लावलेलं असतं. प्लॅटफॉर्मची यंत्रणा ते ओळखते आणि एकीकडे आवाज बंद होतो किंवा लाईव्हच थांबतं, दुसरीकडे सगळं सुरळीत चालू. नंतर पाहणाऱ्याला ती शांतता कीर्तनातली वाटू शकते.

आराखड्यातल्या प्रश्नावलीकडे येऊ. 'आपण लाईव्ह कोणत्या प्लॅटफॉर्मवर पाहता? (अ) फेसबुक (ब) यूट्यूब (क) इन्स्टाग्राम (ड) इतर'. गूगल फॉर्मवर शंभर जणांकडून भरून घेतलं की झालं. भोरच्या एसटी स्टँडवर कुणा आजोबांना हा प्रश्न विचारा. ते म्हणतील, 'मोबाईलवर.' आणि ते बरोबर आहेत. त्यांच्याकडे लिंक आली व्हॉट्सॲपवर, गावच्या ग्रुपमध्ये. बोट लावलं, कीर्तन सुरू झालं. ते यूट्यूब होतं की फेसबुक, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. ग्रुपच्या अॅडमिननं कुठली लिंक टाकली, त्यावर आजोबा कुठल्या खोलीत बसले हे ठरलं. म्हणजे ज्या प्लॅटफॉर्मवर लाईव्ह झालंच नाही, तो सगळ्यांत जास्त ठरवणारा. तुमच्या चार पर्यायांत तो 'इतर'मध्ये गेला. प्रश्न असा हवा : तुम्हाला लिंक कुणी पाठवली? उघडल्यावर काय दिसलं? शेजारी कोण होतं? हे फॉर्मवर होत नाही, त्यासाठी ओट्यावर बसावं लागतं.

शोधायच्या शब्दांबद्दल एक गंमत सांगतो. यूट्यूबवर 'भोर लाईव्ह' शोधलंत तर हिंदीतल्या पहाटेच्या भजनांची रांग लागते, कारण हिंदीत भोर म्हणजे पहाट. वेल्ह्याचं दुखणं वेगळं. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं तालुक्याचं नाव 'राजगड' करायला मान्यता दिली. आता काही लोक शीर्षकात 'राजगड तालुका' लिहितात, काही अजून 'वेल्हे', काही बोलीतलं 'वेल्हा'. नुसतं 'राजगड' शोधलं की ट्रेकिंगचे व्हिडिओ येतात, आणि जुलै २०२५ मध्ये किल्ल्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाल्यावर तर अधिकच. त्यात 'लाईव्ह', 'लाइव्ह', 'थेट प्रक्षेपण' अशी शीर्षकं. शोधशब्दांची यादी आणि ती कधी वापरली त्या तारखा परिशिष्टात द्या. परीक्षकांना आवडेल म्हणून नव्हे, दोन वर्षांनी तुम्हाला स्वतःलाच लागेल म्हणून.

आणि शेवटी ज्याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही, ते. फेसबुकचं लाईव्ह ३० दिवसांत पुसलं जातं, म्हणून आपण ते आधीच उतरवून ठेवावं, असं संशोधकाला वाटणं साहजिक आहे. प्लॅटफॉर्मच्या अटींचा प्रश्न बाजूला ठेवू. ग्रामसभेत एक बाई उठून रेशनकार्डाबद्दल बोलते, घरचं सांगते, नवऱ्याच्या दारूचं सांगते. समोर मोबाईल आहे हे तिला दिसतंय. तो एकाच वेळी तीन ठिकाणी चालू आहे आणि मुंबईतले तिचे दीर ते पाहतायत, हे तिला माहीत असेलच असं नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, माणसानं स्वतः सार्वजनिक केलेल्या माहितीला सूट आहे. इथे तिनं ती गावापुढे ठेवली; जगापुढे ठेवली ती लाईव्ह करणाऱ्यानं. संशोधनासाठीही कायद्यात काही सूट आहे, पण कायदा मोकळीक देतो म्हणून नीतीचा प्रश्न सुटत नाही. महिन्यानं ते पुसलं गेलं तर तिच्या दृष्टीनं बरंच झालं असेल. आपण ते हार्डडिस्कवर ठेवलं की तिचं विसरलं जाणं आपण रद्द केलं. कीर्तनासाठी मी वेगळं म्हणेन आणि ग्रामसभेसाठी वेगळं. मला स्वतःला ग्रामसभेचं चित्र न ठेवता टिपणं ठेवणं बरं वाटतं, आणि प्रतिक्रिया शब्दशः न देता आशय देणं, कारण शब्दशः वाक्य शोधलं की माणूस सापडतो. पण मग परीक्षक पुरावा मागतात. दोन्ही बाजूंची ओढ खरी आहे, आणि आराखड्याच्या 'नैतिक बाबी' या मथळ्याखाली 'गोपनीयता पाळली जाईल' एवढं एक वाक्य लिहून ती मिटत नाही.

कीर्तनाच्या, सभेच्या बाबतीत मात्र एक सोपा रस्ता बहुतेक जण विसरतात : लाईव्हवाल्याला भेटा. तोच माणूस लग्नाचं शूटिंग करतो, वाढदिवसाचे बॅनर छापतो. त्याच्याकडे मूळ रेकॉर्डिंग असू शकतं, फेसबुक आणि यूट्यूब दोन्हीकडचे मालकाला दिसणारे आकडे असतात, कुठे कधी तुटलं ते त्याला आठवत असतं, आणि अमुक पेजवरच लाईव्ह करा असा आग्रह कुणी धरला तेही तो चहा झाल्यावर सांगतो. फक्त लग्नसराईच्या आधी गाठा. हार्डडिस्क भरली की जुनं पुसूनच तो नवं भरतो.

मार्गदर्शक म्हणतील, 'एवढं सगळं कशाला, एकच प्लॅटफॉर्म घे आणि तीन वर्षांत संपव.' त्यांचंही चूक नाही, शिष्यवृत्ती काही प्लॅटफॉर्म मोजून वाढत नाही. घ्या एकच. पण मग यूट्यूब का घेतलं, त्याच वेळी ते आणखी कुठे चालू होतं, तिथलं काय उरलं आणि काय गेलं, हे पहिल्याच प्रकरणात पानभर लिहा. आणि शीर्षकात 'फेसबुक लाईव्ह'च्या जागी काय लिहायचं ते, सामग्री हातात येईपर्यंत, पेन्सिलनं लिहा.